आधी मोरी दाखवा

जुन्या कारखान्याची ब्रुअरी होणार म्हटलं की सगळ्यात आधी चित्रं येतात. संगणकावर रंगवलेली. लाल विटांची उघडी भिंत, तिच्यापुढे चकाकणारं तांब्याचं भांडं, वरून लोंबणारे पिवळे दिवे आणि हातात ग्लास घेतलेली, सगळी एकाच वयाची माणसं. अशा एका सादरीकरणाला मी बसलो होतो. चित्रांमागून चित्रं सरकत होती. शेवटी प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ उठले आणि म्हणाले, "सगळं छान आहे, पण यात मोरी कुठंय?" हशा पिकला. वास्तुरचनाकारही हसले. उत्तर मात्र कुणीच दिलं नाही.

त्या संध्याकाळी तेवढा एकच प्रश्न मुद्द्याचा होता, असं मला आजही वाटतं. ज्या ब्रुअरीच्या नकाशात मोरी नाही, तिथे बिअर बनणार नाही. ती दुसरीकडून पिंपात भरून येईल, तांब्याचं भांडं शोभेला राहील आणि 'कारखान्याचा वारसा' म्हणून आपल्याला एक मोठं उपाहारगृह मिळेल. उपाहारगृहाशी माझं भांडण नाही. पण वारसा जपल्याबद्दल करसवलत आणि वाढीव बांधकामाची परवानगी मागायची, टाळ्याही घ्यायच्या आणि आत काहीच बनवायचं नाही, हा व्यवहार मला पटत नाही.

बिअर बनवणं हा मुळात ओला, जड आणि चिकट उद्योग आहे. मोड आणून वाळवलेली बार्ली, म्हणजे माल्ट, भरडायची, गरम पाण्यात तासभर मुरवायची, तिचा गोड काढा गाळून घ्यायचा, हॉप्स ही कडवट फुलं घालून उकळायचा, झटकन थंड करायचा आणि यीस्टच्या हवाली करायचा. सांगायला एवढंच. प्रत्यक्षात गाळणं संपलं की भांड्याच्या तळाशी ओल्या भुशाचा हातभर थर उरतो. हा चोथा. खालचं झाकण उघडून गमबूट घातलेला माणूस तो लांब दांड्याच्या फावड्याने ओढून काढत असतो, त्याच्या चष्म्यावर वाफ धरलेली असते आणि खोलीभर उकडलेल्या धान्याचा गोडसर वास असतो. हा चोथा त्याच दिवशी गुरांच्या खाद्यासाठी रवाना व्हावा लागतो, कारण दुसऱ्या दिवशी त्याला आंबूस घाण सुटते. मग पाइप घेऊन भांडी धुवायची. मग फरशी. मग नळ्यांमधून गरम कॉस्टिक सोड्याचं पाणी फिरवायचं, ते पाण्याने काढायचं, पुन्हा फरशी धुवायची. एक लिटर बिअरमागे चार ते सात लिटर पाणी सहज लागतं, लहान ब्रुअरीत त्याहूनही जास्त. त्यातलं बरंचसं शेवटी जमिनीवरून वाहत जातं. मोरी हवी ती यासाठी.

वजनाचं पाहा. दहा हजार लिटरची टाकी भरली की आतल्या द्रवाचंच वजन दहा टन होतं, पोलादाचं वेगळं. हे दहा टन चार पायांवर उभे असतात. जुन्या कापडगिरणीच्या वरच्या मजल्यांवर शेकडो माग धडधडत असले तरी त्यांचा भार सगळ्या मजल्यावर पसरलेला असे. टाकीच्या एकेका पायाखाली अडीच टन पेलायला तो मजला बांधलेलाच नव्हता. शिवाय त्या काळचे ओतीव लोखंडाचे खांब. वरून दाब कितीही द्या, मुकाट सोसतात; पण आडवा धक्का बसला किंवा ताण आला की काचेसारखे तडकतात. टाकी आत सरकवताना ट्रॉलीची एक धडक पुरते. साठवलेल्या बिअरचं वजन ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. 17 ऑक्टोबर 1814 रोजी लंडनमधल्या हॉर्स शू ब्रुअरीत सुमारे बावीस फूट उंचीचं लाकडी पिंप फुटलं, लोंढ्याने मागची भिंत पाडली आणि शेजारच्या गरीब वस्तीतली आठ माणसं गेली. त्यांतली काही तळघरात होती, तिथे शिरलेल्या बिअरमधून ती बाहेरच पडू शकली नाहीत.

तळघरावरून वायूचाही विचार करावा लागतो. साध्या ताकदीची बिअर आंबताना तिच्या आकारमानाच्या वीसेक पट कार्बन डायऑक्साइड सोडते. तो हवेपेक्षा जड असतो, म्हणून खाली बसतो. आणि जुन्या कारखान्यात 'खाली' पुष्कळ जागा असतात: पट्ट्यांचे खंदक, चाकांचे खड्डे, राखेची भुयारं. नकाशावर त्यांना 'वैशिष्ट्यपूर्ण अवशेष' म्हणतात. आंबवण्याच्या खोलीशेजारी असा खड्डा उघडा असेल आणि भिंतीवर वायू मोजणारं यंत्र नसेल, तर त्यात उतरलेला माणूस वर येईलच असं नाही.

एवढी कटकट असेल तर ब्रुअरी नकोच, असं कुणी म्हणेल. माझं मत उलट आहे. या कटकटीमुळेच जुन्या कारखान्याला ब्रुअरी शोभते. कारखान्याची इमारत पाणी, वाफ, वजन आणि आवाज यांच्यासाठीच उभी राहिलेली असते. छत उंच का, तर उष्णता वर जावी. छपराला करवतीसारखे दाते का, तर दिवसभर सारखा, सावल्या न पाडणारा उजेड मिळावा. दारं रुंद का, तर गाडी आत यावी. तिथे घरं केली की या उंचीचे दोन तुकडे होतात, खिडक्यांच्या मधोमध भिंती येतात आणि इमारत फक्त बाहेरून ओळखू येते. कचेऱ्या केल्या की खोटं छत येतं आणि छपराला पेलणाऱ्या कैच्या त्याच्या आड जातात. ब्रुअरीला मात्र ती उंची टाक्यांसाठी लागते, ते दार माल्टच्या गोण्यांसाठी लागतं, धुराड्यातून पुन्हा काहीतरी वर जाऊ शकतं. औद्योगिक वारशाच्या जतनासाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने 2003 साली रशियातल्या निझ्नी तागील इथे जी सनद मान्य केली, तिच्यात हेच सांगितलं आहे. नवा वापर शक्य तितका मूळ वापराशी जुळणारा असावा, इमारतीतल्या येण्याजाण्याच्या आणि कामाच्या मूळ वाटा जपाव्यात, आणि पूर्वी इथे काय चालत होतं ते समजावणारी थोडी जागा ठेवावी. पहिल्या दोन बाबतींत ब्रुअरीच्या जवळपास येणारे वापर थोडेच सापडतील. तिसऱ्या बाबतीत मात्र ब्रुअऱ्यांची दांडी हमखास उडते.

टोरांटोचं उदाहरण चांगलं आहे. तिथल्या जॉन स्ट्रीट राउंडहाउसमध्ये 2000 साली स्टीम व्हिसल ही ब्रुअरी सुरू झाली. राउंडहाउस म्हणजे रेल्वे इंजिनांची गोलाकार शेड: मधे फिरता पूल, भोवती पंख्यासारखे पसरलेले गाळे. 1929 च्या सुमारास बांधलेली ही शेड कॅनडाने 1990 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरवली. ब्रुअरीने काही गाळे घेतले. बाकीच्या इमारतीतल्या एका भागात 2010 पासून रेल्वेचं संग्रहालय आहे आणि पुढच्या मोकळ्या जागेत इंजिनं उभी आहेत. इमारत एकाच धंद्याच्या गळ्यात बांधलेली नाही, हे मला तिथलं शहाणपण वाटतं. नावाची गंमत वेगळीच. पाळी सुटल्याचा भोंगा म्हणजे स्टीम व्हिसल. ज्या भोंग्याने माणसांना झोपेतून उठवलं, उशीर झाला तर रोजंदारी कापली, तोच आता बाटलीवर बसून आराम करा म्हणतो. मला यात वावगं काही दिसत नाही, फक्त भोंगा सकाळीही वाजायचा एवढं लक्षात असावं.

ग्लासगोच्या टेम्पलटन गालिचा कारखान्यावर मात्र जरा थांबायला हवं.

ग्लासगो ग्रीन या मोठ्या सार्वजनिक मैदानाच्या काठावर ही इमारत आहे. पहिल्यांदा छायाचित्र पाहणाऱ्याला ती कारखाना वाटतच नाही. विल्यम लीपर या वास्तुरचनाकाराने तिचा दर्शनी भाग व्हेनिसच्या डोजेंच्या, म्हणजे तिथल्या जुन्या शासकांच्या, राजवाड्यावरून घेतला: लाल, पिवळ्या, निळसर विटांची नक्षी, टोकदार कमानी, वर कंगोरे. मैदानासमोर साधा कारखाना नको म्हणून नगरपालिका नकाशे परत पाठवत होती, तेव्हा मालकांनी नाकारताच येणार नाही असा महाल उभा केला, अशी कथा सांगतात. बांधकाम चालू असताना, 1 नोव्हेंबर 1889 रोजी, जोराच्या वाऱ्यात ही नवी भिंत कोसळली. ती शेजारच्या विणकामाच्या शेडवर पडली. शेडमध्ये काम चालू होतं. 29 जणी मेल्या, बहुतेक तरुण मुली. भिंत पुन्हा बांधली गेली, 1892 मध्ये महाल पुरा झाला आणि गालिचे विणले जात राहिले, 1979 पर्यंत.

2006 साली याच इमारतीत मूळच्या जर्मन पेट्रा वेट्झेल यांनी वेस्ट नावाची ब्रुअरी आणि बिअर हॉल सुरू केला, जर्मन पद्धतीची बिअर बनवणारा. खरोखर बनवणारा; मोरीच्या परीक्षेत तो पहिल्या फटक्यात पास होतो. रिकामी, थंड पडलेली इमारत उबदार झाली, लोक आत जाऊ लागले. मला हे रूपांतर आवडतं. आणि आवडतं म्हणूनच एक विचारावंसं वाटतं. ज्या दर्शनी भिंतीसाठी ही इमारत जगभर छायाचित्रांत जाते, तीच भिंत 29 जणींवर पडली होती. जतन करताना आपण त्या भिंतीच्या विटा मोजतो, रंग मिळवतो, तुटलेला कंगोरा तस्साच घडवून घेतो. त्या मुलींचं जतन कुठल्या खात्यात धरायचं? मैदानात स्मृतिशिला असली तर ती पुरेशी आहे का? मला वाटतं, नाही. माणूस जिथे बसून ग्लास उचलतो, त्या खोलीतच नावं हवीत. त्याने आनंदावर विरजण पडतं असं म्हणणाऱ्यांना एकच सांगावंसं वाटतं: भिंतीवर गंजलेली कात्री आणि तुटकं धोटं टांगताना तुमच्या आनंदावर काही पडलं नव्हतं. हत्यारं चालतात, हात चालत नाहीत, असं कसं?

जुन्या कारखान्यांच्या नव्या अवतारांत हे सर्रास दिसतं. वस्तू राहते आणि माणूस पुसला जातो. यारीचा आकडा रंग लावून ठेवतात, पण यारी चालवणाऱ्याला किती पगार होता, पाळी किती तासांची होती, संप कधी झाला, शेवटच्या दिवशी किती जणांचा हिशेब चुकता केला, यातलं काही भिंतीवर येत नाही. मालकाचं तैलचित्र मात्र हमखास येतं, आणि बऱ्याचदा एखाद्या बिअरलाही त्याचंच नाव मिळतं.

आता दारूचा मुद्दा. तो टाळून हा लेख लिहिता आला असता, पण ते अप्रामाणिक झालं असतं. कामगारवस्त्यांनी दारूची जी किंमत मोजली, ती ठाऊक असलेल्या कुणालाही कारखान्याच्या जागी दारू बनते आणि विकली जाते हे खटकणारच. ब्रिटनमध्ये मजुरी दारूच्या गुत्त्यातच वाटण्याची पद्धत इतकी बोकाळली होती की 1883 मध्ये तिच्यावर बंदी घालणारा स्वतंत्र कायदा करावा लागला. मुकादम गुत्त्यात बसणार, मजूर तिथे रांग लावणार आणि पैसे घरी पोचायच्या आधीच पातळ होणार. दुसऱ्या टोकाला टायटस सॉल्टसारखे मालक. लोकरीच्या धंद्यातल्या या गृहस्थाने यॉर्कशरमध्ये 1853 मध्ये प्रचंड गिरणी सुरू केली, भोवती सॉल्टेअर नावाचं टुमदार गाव वसवलं आणि त्या गावात गुत्त्याला जागाच ठेवली नाही. आज तेच गाव जागतिक वारशाच्या यादीत आहे. आणि शेजारच्या शिप्ली गावात ट्रामगाड्यांना वीज पुरवणाऱ्या जुन्या वीजघरात एक ब्रुअरी चालते, तिचं नाव सॉल्टेअर! मालकाने गावाबाहेर ठेवलेली गोष्ट गावाचंच नाव लावून बाजारात हिंडते आहे.

मला या आक्षेपात तथ्य वाटतं, पण तो ब्रुअरीपेक्षा पिण्याच्या जागेला जास्त लागू होतो. बनवणं आणि पाजणं हे दोन वेगळे धंदे आहेत आणि परवानगी देणाऱ्यांनी ते वेगळे धरायला हवेत. दीडशे जणांची बसायची जागा असलेली ब्रुअरी आणि बाराशे जणांची ब्रुअरी यांच्या टाक्या सारख्याच असू शकतात. शेजाऱ्यांची झोप सारखी राहत नाही. आणि ज्या वस्तीने दारूपायी सोसलं, तिला 'हा तुमचाच वारसा आहे' असं सांगताना आवाज थोडा खाली ठेवावा. तिथल्या लोकांनी सरळ 'नको' म्हटलं, तर त्या 'नको'ला विटेइतकंच वजन द्यावं. कारखाना त्यांच्या घामावर उभा राहिला असेल तर त्याचं पुढे काय करायचं यात त्यांचं मत केवळ 'सूचना व हरकती'च्या रकान्यात मावत नाही.

यापेक्षाही मला जास्त काळजी वाटते ती आयुष्याची. इमारतीच्या नव्हे, धंद्याच्या. सॅन फ्रान्सिस्कोची अँकर ब्रुअरी पाहा. नव्या पिढीतल्या लहान ब्रुअऱ्यांची आजी म्हणावी अशी. 1979 मध्ये ती एका जुन्या कॉफी भाजण्याच्या कारखान्यात गेली, तिथे तांब्याची भांडी बसवली, नाव कमावलं. 2017 मध्ये जपानच्या सॅपोरोने ती विकत घेतली, 2019 मध्ये कामगारांनी संघटना उभी केली आणि 2023 मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. पुढच्या वर्षी नवा मालक मिळाला, ती गोष्ट वेगळी. बर्लिनच्या मारिएनडॉर्फ भागात 1901 च्या गॅस कारखान्यात अमेरिकेतल्या स्टोन कंपनीने 2016 मध्ये मोठा गाजावाजा करून ब्रुअरी उघडली. 2019 मध्ये ती स्कॉटलंडच्या ब्रूडॉगच्या हाती गेली. तीन वर्षं! इमारत शंभर वर्षांहून जुनी आणि तिचा 'तारणहार' तीन वर्षांचा.

म्हणून ब्रुअरीला इमारतीतली भाडेकरू समजावं. भाडेकरू खिळे ठोकतो, पण भिंत पाडत नाही. टाक्यांसाठी जुन्या मजल्यात काँक्रीट ओतण्यापेक्षा स्वतंत्र पाया घेतलेली पोलादी चौकट आत उभी करावी. उद्या ब्रुअरी गेली की बोल्ट काढून नेता येते. वाफेच्या नळ्या जुन्या भिंतीतून आरपार नेण्याऐवजी आधीच असलेल्या भोकांतून न्याव्यात. कारखान्यात भोकांना तोटा नसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओल. काढा उकळताना त्यातलं पाच ते दहा टक्के पाणी वाफ होऊन उडतं. ती वाफ बाहेर गेली नाही तर थंड विटेवर जाऊन बसते. जुनी वीट चुन्यात बांधलेली असते, चुना ओल शोषतो आणि सोडतो. 'मजबुती'साठी कुणी त्यावर सिमेंटचा गिलावा ठोकला की ओल आत कोंडते, लोणा धरतो आणि काही वर्षांत विटेचे पापुद्रे सुटू लागतात. उघड्या विटांचं ते देखणं चित्र मग पाटीत झाडून भरावं लागतं. वाफ बाहेर नेणारा पंखा कुठल्याही सादरीकरणात दिसत नाही, मोरीसारखाच.

जमिनीखाली काय आहे तेही विचारावं लागतं. गॅस कारखान्याखाली डांबर आणि सायनाइडचे अवशेष असतात, रंगशाळेखाली जड धातू, छपरात ॲस्बेस्टॉस. हे साफ करायला वेळ आणि पैसा लागतो आणि तो कुणी घालायचा यावरच निम्मे प्रकल्प अडतात. माझं मत सरळ आहे: ज्याने घाण केली त्याचा वारस सापडला तर त्याने, नाही सापडला तर सार्वजनिक तिजोरीने. पण तिजोरीने पैसे घातले तर इमारतीवर लोकांचा हक्कही यायला हवा. निदान अंगणातून ग्लास न घेता फिरता यावं, एवढा तरी.

परवानगीच्या कागदावर काय असावं, असं मला कुणी विचारलं, तर मी जागेच्या टक्केवारीपासून सुरुवात करीन. निम्म्याहून अधिक जागेत प्रत्यक्ष काहीतरी बनत असलं पाहिजे. बिअर परवडेनाशी झाली तर पाव बनवा, साबण बनवा, लाकूडकाम करा, पण बनवा. उत्पादन थांबून वर्ष झालं तर सवलत थांबावी. सांडपाणी प्रक्रिया करूनच सोडावं, कारण यीस्ट आणि साखर मिसळलेलं पाणी नाल्यात गेलं की नाल्यातला प्राणवायू खाऊन टाकतं. आणि शेवटच्या हजेरीपटातली नावं, मिळतील तितकी, आत लावावीत. हजेरीपट सहसा सापडतो. कारखाना बंद करताना मालक यंत्रं विकतात, कागद तिथेच टाकून जातात.

त्या सादरीकरणानंतर काही दिवसांनी आम्ही काही जण प्रत्यक्ष इमारत बघायला गेलो. मोरी विचारणारे गृहस्थही होते. इतर जण वर कैच्या बघत होते, फोटो काढत होते. हे खाली बघत होते. एका दालनात ते थांबले, हातातल्या बाटलीतलं पाणी त्यांनी फरशीवर ओतलं आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. पाणी आधी जागच्या जागी पसरलं, मग धुळीतून वाट काढत, एका खांबाला वळसा घालून, कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या ढिगाखाली शिरलं. "रंगखातं असणार हे," ते म्हणाले. आम्ही दोघांनी पायाने ढीग बाजूला केला. खाली हातभर रुंदीची बिडाची जाळी होती.